एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळे: असमान खोलीत स्टिरिओचा समतोल कसा साधावा

सदनिकेतला दिवाणखाना सहसा निव्वळ आयताकृती नसतो. डावीकडची भिंत सलग जाते, उजवीकडची चार-पाच फुटांवर संपते आणि तिथून जेवणाची जागा किंवा स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज सुरू होतो. अशा खोलीत चांगल्या प्रतीचे स्पीकर आणूनही गायकाचा आवाज मधोमध न येता भिंतीकडे सरकलेला ऐकू येतो, डावीकडचा तबला गरजेपेक्षा भरदार आणि उजवीकडची पेटी कोरडी वाटते. अशा वेळी बहुतेक जण अॅम्प्लिफायरचा बॅलन्स उजवीकडे फिरवतात. त्याने गायक मध्यावर येतोही, पण तबल्याचा बायाँ तसाच घुमत राहतो आणि उजवीकडचे वरचे स्वर विनाकारण टोचू लागतात. कारण असे की खर्जातला असमतोल वेगळ्या कारणाने येतो, मधल्या स्वरांतला वेगळ्या कारणाने, आणि बॅलन्सचे बटण मात्र सगळे स्वर एकाच मापाने वरखाली करते. म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा ठरतो: आधी बैठक व स्पीकरची जागा, मग भिंत, त्यानंतर पातळी आणि वेळ, आणि सर्वांत शेवटी इलेक्ट्रॉनिक फिल्टर, म्हणजे निवडक स्वरांचीच पातळी बदलणारी सोय. पहिल्या दोन पायऱ्या नीट झाल्या तर पुढच्या दोन पायऱ्यांना फारसे काम उरत नाही.

दोष खोलीचाच आहे का?

तपासणीसाठी मोनो ध्वनिमुद्रण घ्यावे. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास, त्यामुळे त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे नाट्यसंगीत या कामाला उत्तम आहे. त्यात डावे-उजवे असे काही नाहीच, म्हणून गायक, ऑर्गन, तबला सगळे दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये एका अरुंद जागेतून ऐकू यायला हवे. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. काही जुन्या ध्वनिमुद्रणांना पुढे कृत्रिम स्टिरिओचा मुलामा दिला गेला आहे आणि त्यात खर्ज एका बाजूला व वरचे स्वर दुसऱ्या बाजूला ढकललेले असतात. अॅम्प्लिफायरवर मोनो बटण असेल तर ते दाबून ऐकणे सर्वांत निर्धोक.

आवाज डावीकडे सरकलेला असेल तर अॅम्प्लिफायर बंद करून आधी सीडी प्लेअर किंवा डॅककडून (डिजिटल संगीताचे अॅम्प्लिफायरला लागणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे यंत्र) येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल कराव्यात. आवाज आता उजवीकडे गेला तर दोष यंत्राच्या त्या भागात आहे. फरक पडला नाही तर वायरी पूर्ववत करून अॅम्प्लिफायरच्या मागच्या स्पीकर वायरी बदलून पाहाव्यात आणि तरीही फरक नसेल तर स्पीकरच उचलून एकमेकांच्या जागी ठेवावेत. याच वेळी धन आणि ऋण टोके दोन्ही स्पीकरना सारखीच जोडली आहेत ना, हेही पाहावे. एकाची टोके उलट झाली असतील तर खर्ज पातळ होतो आणि गायकाचा आवाज कुठून येतो हेच सांगता येत नाही. या दोषाला अनेकदा खोलीचा दोष समजले जाते.

शेवटची तपासणी कानांची. खुर्ची तिथेच ठेवून स्पीकरकडे पाठ करून बसावे. आवाज अजूनही भिंतीकडेच झुकलेला असेल तर दोष खोलीचा आहे. तो भिंत सोडून दुसऱ्या बाजूला गेला, म्हणजे आधी ज्या कानाकडे होता त्याच कानाकडे राहिला, तर भिंतीला हात लावण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे जाणे श्रेयस्कर. दोन्ही कान सारखे ऐकतात असे आपण गृहीत धरतो, पण कानात साचलेला मळसुद्धा हा फरक पाडू शकतो.

बैठक आणि स्पीकरची जागा

ज्यांना सगळी मांडणी फिरवणे शक्य आहे त्यांनी ती फिरवावी. खोलीची उघडी बाजू श्रोत्याच्या पाठीमागे येईल अशा रीतीने स्पीकर दुसऱ्या भिंतीकडे नेले, तर डावी आणि उजवी बाजू आपोआप सारखी होते आणि या लेखातला निम्मा मजकूर अनावश्यक ठरतो. टीव्हीचा पॉइंट, दिवाण आणि घरातल्या इतर माणसांची वहिवाट यांमुळे हे बहुधा जमत नाही, परंतु विचार न करता ते नाकारू नये.

मांडणी फिरवता येत नसेल तर त्रिकोण काटेकोर आखावा. उदाहरणादाखल साडेदहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब दिवाणखाना घेऊ. स्पीकर अरुंद भिंतीसमोर, एकमेकांपासून सहा फुटांवर, आणि श्रोत्याचे डोके प्रत्येक स्पीकरपासून सहा फुटांवर असावे. अंतर डोळ्यांनी न ठरवता मोजपट्टीने, आणि तेही स्पीकरच्या खोक्याच्या कोपऱ्यापासून नव्हे तर ट्वीटरपासून (वरचे स्वर वाजवणारा स्पीकरमधला छोटा भाग) नाकाच्या टोकापर्यंत मोजावे. दोन्ही बाजूंना एकाच लांबीचा न ताणणारा दोरा वापरला तर अर्ध्या इंचाचा फरकही लगेच दिसतो. एवढ्या काटेकोरपणाचे कारण साधे आहे: ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे एका फुटाहून किंचित जास्त जातो, आणि एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा जेमतेम एक मिलिसेकंद आधी पोचला की मध्यावरचा गायक जवळजवळ पूर्णपणे त्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. वरच्या त्रिकोणात डोके फक्त अर्धा फूट बाजूला सरकले तरी दोन्ही अंतरांत सुमारे अर्ध्या फुटाचा, म्हणजे ०.४४ मिलिसेकंदाचा फरक पडतो. सोफ्याच्या एका टोकाला बसून खोलीला दोष देणाऱ्यांनी आधी सोफा सरकवावा.

सहा फुटांचा छोटा त्रिकोण मुद्दाम सुचवला आहे. श्रोता स्पीकरच्या जितका जवळ, तितका थेट येणारा ध्वनी खोलीतून फिरून येणाऱ्या ध्वनीपेक्षा जोरकस असतो आणि असमान खोलीची ढवळाढवळ तितकी कमी होते. मात्र बैठक खोलीच्या लांबीच्या अगदी मध्यावर येऊ देऊ नये. चौदा फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनांच्या) आसपास समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी पहिली स्थिर लहर उभी राहते, तिचा दाब बरोबर मध्यावर नाहीसा होतो आणि तिथे बसणाऱ्याला खर्जच ऐकू येत नाही. पाठ भिंतीला टेकवणे हे दुसरे टोक: तिथे तोच खर्ज फुगतो.

स्पीकर आतल्या बाजूला वळवावेत, इतके की त्यांच्या सरळ रेषा श्रोत्याच्या चेहऱ्यापुढे सुमारे फूटभर अंतरावर एकमेकींना छेदतील. वरचे स्वर स्पीकरच्या समोर जोरात आणि बाजूला हळू जातात, म्हणून असे वळवल्याने भिंतीवर आदळणारा ध्वनी कमी होतो. भिंतीजवळचाच स्पीकर अधिक वळवण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा, कारण दोन स्पीकर वेगवेगळ्या कोनांत असले की त्यांच्या थेट ध्वनीचा पोतच वेगळा होतो आणि नंतर कोणत्याही उपायाने तो जुळत नाही.

भिंत नेमके काय करते?

आपल्या उदाहरणात डावा स्पीकर भिंतीपासून सव्वादोन फुटांवर आहे. त्याचा ध्वनी श्रोत्याकडे दोन वाटांनी येतो. सरळ वाट सहा फुटांची आहे आणि भिंतीवर आदळून येणारी वाट साधारण नऊ फूट एक इंचाची. हा जादा तीन फुटांचा प्रवास करायला ध्वनीला सुमारे २.८ मिलिसेकंद लागतात, आणि केवळ अंतरामुळे त्याची पातळी साडेतीन डेसिबलच्या (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) आसपास घटलेली असते. म्हणजे प्रतिबिंब चांगलेच बळकट असते. इतक्या लवकर येणारे परावर्तन कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखवून दिल्याप्रमाणे आपले श्रवण आधी आलेल्या ध्वनीलाच मान देते आणि मागून आलेला त्यात मिसळून टाकते. पण मिसळताना ते डावा आवाज थोडा मोठा आणि थोडा भिंतीकडे पसरलेला करते. उजवीकडे असे प्रतिबिंबच नसते, कारण तिथला ध्वनी जेवणाच्या जागेत निघून जातो. गायक डावीकडे झुकतो तो यामुळे.

खर्जात प्रकार निराळा असतो. लहरीच्या लांबीच्या मानाने तीन फुटांचा फरक किरकोळ असतो तिथे, म्हणजे साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली, सरळ आणि परावर्तित ध्वनी एकमेकांना साथ देतात. एक कठीण पृष्ठभाग अशी साथ देऊन सहा डेसिबलपर्यंत वाढ करू शकतो. फरक बरोबर अर्ध्या लहरीइतका होतो तिथे दोन्ही ध्वनी एकमेकांना खोडतात. आपल्या अंतरांच्या हिशेबाने ही जागा १८० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे पुरुषी आवाजाच्या गाभ्यात. तेव्हा एकच भिंत खाली फुगवटा आणि वर खड्डा निर्माण करते, आणि हे सगळे फक्त डाव्या बाजूला घडते.

बंद बाजू उघड्या बाजूसारखी करणे

येथे बरेच जण उघड्या बाजूला काही उभे करून ती भिंतीसारखी करू पाहतात. घडीचा पडदा किंवा पुस्तकांचे कपाट ठेवले तर वरच्या स्वरांपुरता थोडा उपयोग होतो, पण खर्ज त्याला जुमानत नाही आणि घरातली वाट अडते ती वेगळीच. उलट मार्ग अधिक सोपा आणि परिणामकारक आहे. वास्तुध्वनिशास्त्राचा पाया घालणाऱ्या वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात खुर्च्यांवरच्या गाद्या वापरून प्रयोग केले, तेव्हा शोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी धरली, कारण उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही. जेवणाच्या जागेकडचे आपले मोकळे दार म्हणजे तसेच माप आहे. तेव्हा डाव्या भिंतीवर नेमक्या जागी पुरेसे शोषक लावले की ती भिंतही, निदान कानाच्या दृष्टीने, खिडकीसारखी वागू लागते.

नेमकी जागा आरशाने सापडते. श्रोत्याने आपल्या जागी बसावे आणि दुसऱ्याने हातातला आरसा कानाच्या उंचीवर भिंतीला टेकवून पुढे-मागे सरकवावा. ज्या जागी आरशात डाव्या स्पीकरचा ट्वीटर दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. उजव्या स्पीकरचा ट्वीटर दिसण्याची जागाही त्याच भिंतीवर, पण श्रोत्याच्या जरा जवळ सापडते, तीही टिपून ठेवावी. पॅनेल दोन फूट रुंद आणि चार फूट उंच असले की पहिली खूण आरामात झाकली जाते.

पॅनेलच्या जाडीत काटकसर करू नये. दुकानांत मिळणारा एक इंचाचा खाचाखाचांचा फोम फक्त वरचे स्वर खातो. त्यामुळे डावी बाजू मंद होते, पण मधल्या स्वरांतला असमतोल तसाच राहतो, आणि त्याहून वाईट म्हणजे श्रोत्याला काहीतरी सुधारल्याचा भास होतो. घनमीटरला ४८ किलो घनतेच्या ग्लासवूल किंवा रॉकवूलच्या पाट्या दोन इंच जाडीच्या घेऊन त्या एकावर एक ठेवाव्यात, लाकडी चौकटीत बसवाव्यात आणि चौकट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे टांगावी. मागच्या पोकळीला पैसे पडत नाहीत आणि तिच्यामुळे शोषण बरेच खालच्या स्वरांपर्यंत पोचते. वरचे कापड निवडताना तोंडाजवळ धरून फुंकर मारावी. हवा सहज पलीकडे गेली तर ध्वनीही जाईल. हे काम करताना हातमोजे आणि मास्क घालावेत, कारण ग्लासवूलची कुसे अंगाला खाजतात आणि श्वासात जाणे चांगले नाही. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर पॅनेल लावायचे असेल तर मागची पोकळी हवेशीर ठेवावी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. त्यांचा इथे काहीही उपयोग नाही.

खोलीतल्या बाकी असमान गोष्टी आवाजाने कमी आणि नजरेने जास्त खटकतात. एकीकडे काचेचे शोकेस आणि दुसरीकडे पडदा असेल तर शोकेस हलवता येत असल्यास हलवावे. लोखंडी कपाटाच्या दाराला हाताने थाप मारून पाहावे. ते घणघणत असेल तर विशिष्ट खर्जावर संगीतातही घणघणेल. गुळगुळीत फरशीवर स्पीकर आणि बैठक यांच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा घालावा. तो दोन्ही बाजूंना सारखाच असतो म्हणून असमतोल घालवत नाही, पण एकूण चकचकाट कमी झाला की उरलेला फरक सोसण्याजोगा होतो.

पातळी आणि वेळ

आता बॅलन्सला हात लावावा, त्याआधी नाही. मोजण्यासाठी पूर्ण पट्ट्याचा पिंक नॉइज (खर्जापासून वरपर्यंतचे सगळे स्वर असलेला चाचणीचा खरखराट) वापरला तर भिंतीमुळे फुगलेला खर्ज मापकाला फसवतो आणि डावी बाजू वाजवीपेक्षा जास्त खाली आणली जाते. म्हणून ५०० ते २००० हर्ट्झपुरता मर्यादित केलेला नॉइज एकेका स्पीकरमधून वाजवून श्रोत्याच्या डोक्याच्या जागी पातळी मोजावी आणि दोन्हींत अर्ध्या डेसिबलहून कमी फरक राहील असे करावे. मोबाइलमधले ध्वनिमापक खरी पातळी सांगण्यात चुकते, पण दोन स्पीकरमधला फरक सांगायला पुरेसे आहे, फक्त मोबाइल दोन्ही वेळा त्याच जागी आणि त्याच दिशेला हवा. एक ते दीड डेसिबलच्या दुरुस्तीत काम भागले पाहिजे. तीन-चार डेसिबल लागत असतील तर आधीच्या पायऱ्यांत काहीतरी राहिले आहे असे समजावे.

दोन स्पीकरची अंतरे सारखी करणे जागेअभावी शक्यच नसेल, तर जवळच्या स्पीकरला विलंब द्यावा. एव्ही रिसीव्हरमध्ये (होम थिएटरचा अॅम्प्लिफायर) अंतर फूट किंवा मीटरमध्ये भरता येते आणि यंत्र विलंब स्वतः काढते. संगणकावरून ऐकणाऱ्यांना विंडोजसाठीच्या ईक्वलायझर एपीओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीच सोय आहे. दहा सेंटिमीटरला ०.२९ मिलिसेकंद हा हिशेब लक्षात ठेवावा.

मोजमाप आणि फिल्टर

उरलेला असमतोल बहुतांश ३०० हर्ट्झच्या खाली असतो. तो कानाने शोधणे कष्टाचे आहे, म्हणून यूएसबी मापन-मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. मायक्रोफोनसोबत आलेली कॅलिब्रेशन फाइल भरावी, तो स्टँडवर कानाच्या उंचीला लावावा आणि डावा व उजवा स्पीकर स्वतंत्रपणे मोजावा. एकाच बिंदूवरचा आलेख दिशाभूल करतो, म्हणून डोक्याच्या जागेभोवती फूटभर परिघात पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. नंतर दोन्ही स्पीकर एकत्र वाजवून तिसरा आलेख काढावा. हा तिसरा आलेख फार लोक काढत नाहीत आणि सगळ्यात जास्त माहिती त्यातच असते. खर्जात दोन्ही स्पीकर जुळून काम करत असतील तर एकत्रित पातळी एकेकट्यापेक्षा सुमारे सहा डेसिबल वर जाते. एखाद्या ठिकाणी ती उलट खाली आली तर तिथे दोघांच्या लहरी एकमेकींविरुद्ध चालल्या आहेत, आणि कितीही फिल्टर लावले तरी मध्यावरचा खर्ज भरणार नाही. त्यासाठी एखादा स्पीकर काही इंच पुढे-मागे करून पुन्हा मोजावे लागते.

फिल्टर लावताना शिखरे कापावीत, खड्डे भरू नयेत. डाव्या आलेखात समजा ५४ हर्ट्झला पाच डेसिबलचा उंचवटा दिसला, तर तेवढ्याच रुंदीचा पाच डेसिबल खाली नेणारा फिल्टर फक्त डाव्या चॅनेलवर लावावा. १८० हर्ट्झच्या खड्ड्याला मात्र हात लावू नये, कारण तिथे सरळ ध्वनी वाढवला की परावर्तितही तितकाच वाढतो आणि दोघे एकमेकांना पूर्वीसारखेच खोडत राहतात. वाढते ते फक्त अॅम्प्लिफायर आणि खर्ज वाजवणाऱ्या वूफरवरचे ओझे. तो खड्डा भिंतीपासूनचे अंतर बदलूनच हलतो. तीनशे हर्ट्झच्या वर अरुंद फिल्टर लावणे टाळावे. तिथे मायक्रोफोनला दिसणारी करवतीसारखी रेघ कानाला तशी ऐकू येत नाही, आणि ती सपाट करण्याच्या नादात स्पीकरचा थेट ध्वनी बिघडतो. ऑडिसी किंवा डिराकसारखी खोलीचे मोजमाप घेऊन स्वतः फिल्टर लावणारी स्वयंचलित पद्धत वापरणाऱ्यांनीही दुरुस्तीची वरची मर्यादा ठरवून द्यावी आणि मर्यादेसह व मर्यादेविना असे दोन्ही ऐकून निवड करावी.

ज्यांच्याकडे सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, आहे त्यांना एक जवळची वाट उपलब्ध आहे. दोन्ही स्पीकरकडे ८० हर्ट्झच्या खालचे स्वर जाऊ न देता तो सगळा खर्ज एकाच सबवूफरला दिला तर त्या पट्ट्यात डावे-उजवे असा भेदच उरत नाही, आणि इतक्या खालच्या स्वरांची दिशा कानाला कळत नसल्यामुळे स्टिरिओचे नुकसानही होत नाही. सबवूफरची जागा शोधण्यासाठी तो तात्पुरता श्रोत्याच्या खुर्चीवर ठेवावा, संथ खर्जाचे संगीत लावावे आणि स्वतः भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत जिथे खर्ज सर्वांत एकसारखा ऐकू येतो ती जागा हेरावी. घरच्यांना हे दृश्य विचित्र वाटेल, पण पद्धत जुनी आणि खात्रीची आहे.

सगळे जुळल्यावर पुन्हा तेच मोनो ध्वनिमुद्रण लावून गायक मध्यावर आणि अरुंद जागेत उभा राहतो ना, हे पाहावे, आणि मग स्टिरिओ मैफलीत तानपुऱ्यांच्या जोडीचा झंकार दोन्ही बाजूंना सारख्या पोताचा येतो का, ते ऐकावे. बाल्कनीचे दार उघडे असताना आणि बंद असताना खर्जाचे आलेख वेगळे येतात. म्हणून दोन्ही स्थितींत स्वतंत्र मोजमाप घेऊन फिल्टरचे दोन संच जतन करावेत, आणि कपाट किंवा सोफा हलवला की दोन्ही संच पुन्हा तपासावेत.